इसार आणि सबब

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ज्याने उमेदीची सारी वर्षे खरेदीखते, गहाणखते, बक्षीसपत्रे आणि मुखत्यारपत्रे यांच्या समासांत शेरे मारण्यात घालविली, त्याला कायदा ठाऊक असला पाहिजे अशी लोकांची एक भाबडी समजूत असते. वस्तुतः त्याला ठाऊक असते ते एवढेच की, कोणत्या दस्ताला किती किमतीचा मुद्रांक लागतो, अंगठ्याचा ठसा कोठे घ्यावयाचा, आणि ऐन नोंदणीच्या वेळी बेपत्ता झालेले साक्षीदार कोणत्या उपाहारगृहात हमखास सापडतात. तथापि निवृत्तीनंतर चिरंजीवांच्या नोकरीच्या सोयीसाठी मी माहुलला राहावयास आलो मात्र, ‘रजिस्टरवाले काका’ या पदावर, मी अर्ज केलेला नसता आणि वेतनश्रेणी ठरलेली नसता, माझी तहहयात नेमणूक होऊन गेली.

माहुल हे मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील जुने गाव. एका अंगाला खाडी आणि तिवरांची दाटी; दुसऱ्या अंगाला १९५४-५५ च्या सुमारास उभे राहिलेले तेलशुद्धीकरणाचे दोन अजस्र कारखाने, ज्यांच्या धुराड्यांवरची ज्योत रात्रभर तेवत असल्यामुळे चांदण्याचे वर्णन करणारा कवी आमच्याकडे निपजत नाही; आणि या दोहोंच्या मध्ये, कारखान्यांच्या कित्येक पिढ्या आधीपासून वसलेला कोळीवाडा. हिवाळ्यात खाडीच्या चिखलावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. करारनामा, इसार, साक्षीदार यांपैकी काहीएक नसताना दरसाल नेमाने येऊन दिलेला शब्द पाळणारे आमच्या पंचक्रोशीत बहुधा तेच.

शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदलेल्या दस्ताखेरीज होत नाही, अशी तजवीज १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने करून ठेवल्यामुळे जमीनजुमल्याच्या बाबतीत मनुष्याला पश्चात्ताप करावयास भरपूर सवड मिळते. मसुदा व्हावा लागतो, मुद्रांक आणावा लागतो, साक्षीदारांना चहा पाजावा लागतो. आणि एवढ्या अवधीत ज्याचे मन फिरावयाचे असेल त्याचे रीतसर फिरून होते. परंतु शिवणयंत्र, फ्रीज, जुनी दुचाकी, लग्नात आलेले आणि नव्या घराच्या दारातून आत न जाणारे लाकडी कपाट, दुभती म्हैस, इतकेच काय पण डिझेल इंजिनाची होडी, या जंगम मिळकतींचे सौदे उभ्या उभ्या, तोंडी आणि बहुतेक संध्याकाळच्या वेळी होतात. संध्याकाळ ही मनुष्याची उदार होण्याची वेळ आहे. त्यातून पुढे जे काही निष्पन्न होते ते दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ओटीवर येते.

या ओटीवरच्या अनुभवातून मी एक सिद्धान्त बसविला होता आणि तो कोणी विचारो वा न विचारो मी सांगत असे. तो असा की, खासगी सौदा मोडणे हा लहान अपराध आहे. खरा अपराध आहे तो सबब सांगणे. मन फिरणे ही देहधर्मासारखी गोष्ट आहे. गिऱ्हाईक दारात उभे असता जी वस्तू केवळ अडगळ असते, ती इसार घेतल्यावर रात्री अकराच्या सुमारास वडिलोपार्जित ठेवा होते, आणि जिच्या पायट्याला पाय लावून वर्षानुवर्षे लोटली त्या शिवणयंत्रावर मातोश्रींनी आपली पहिली झबली शिवली होती हे मनुष्याला त्याच रात्री आठवते. येथवर कोणाला दोष देता येत नाही. परंतु सकाळी उठून समोरच्याला ‘माझे मन फिरले’ असे तीन शब्दांत सांगण्याऐवजी तो आपल्या आत्येला पुढे करतो.

महाराष्ट्रातील मोडलेल्या सौद्यांत आत्या या नातलगाने बजावलेल्या कामगिरीचा इतिहास अद्याप कोणी लिहिला नाही ही खेदाची गोष्ट आहे. ही आत्या नेहमी गावी असते, वृद्ध असते, विकावयाच्या वस्तूवर तिचा कसलासा मूळचा हक्क असतो, आणि तो हक्क तिला इसार घेतल्याच्या दुसऱ्या दिवशीच आठवतो. जिथे आत्या नसते तिथे अमेरिकेतला मुलगा असतो, मुलगा नसेल तर पत्रिका पाहणारे गुरुजी असतात. आणि या सर्वांच्या वरती, कोणत्याही न्यायालयात ज्यावर अपील चालत नाही असा, ‘घरातून नाही म्हणतात’ हा निवाडा असतो. एका सद्गृहस्थांनी जुन्या दुचाकीच्या बाबतीत हा निवाडा मला ऐकविला तेव्हा ते विधुर आहेत याची आठवण करून देणे मला प्रशस्त वाटले नाही.

सबबीत नीतीची हानी आहेच, पण त्याहून मोठी हानी व्यवहाराची आहे. लहरीला उत्तर नसते, सबबीला असते. ‘नाही द्यायचे’ म्हटल्यावर घेणारा दोन शब्द बोलून निघून जातो. पण ‘आत्येला विचारले पाहिजे’ म्हटले की तो सज्जनपणे म्हणतो, त्यात काय, चला, मीच आत्याबाईंना भेटतो, त्यांचे काय ते वेगळे देऊन टाकू. मग आत्या आजारी पाडावी लागते. घेणारा तिच्या प्रकृतीची वास्तपुस्त करू लागतो, तिच्यासाठी चेंबूरच्या वैद्यांचे नाव सुचवितो, आणि अखेरीस एका जुन्या कपाटापायी एका निरपराध वृद्धेला, जी कदाचित जन्मालाच आलेली नसते, देवाघरी धाडण्याची पाळी विक्रेत्यावर येते. ज्या मनुष्याला पाचशे रुपयांसाठी शब्द पाळणे जमले नाही त्याला एक खोटी आत्या सहा महिने सांभाळणे कसे जमावे?

आमचे पूर्वज या विषयात आमच्याहून अधिक मोकळे होते. मन फिरणार हे त्यांनी गृहीतच धरले होते, आणि मनुने न्यायाची जी अठरा प्रकरणे मोजली त्यांत खरेदी-विक्रीचा पश्चात्ताप हे एक स्वतंत्र प्रकरण करून त्याला दहा दिवसांची मुदत बांधून दिली. कौटिल्य अधिक काटेकोर, म्हणून त्याने मनाची मुदत धंद्यावर ठरविली: व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन, गुराख्याला पाच. व्यापाऱ्याचे मन एका रात्रीत ठिकाणावर येते आणि गुराख्याच्या मनाला डोंगर उतरून यावयास पाच रात्री लागतात, हे ज्याने ताडले त्याला मनुष्यस्वभावाचे ज्ञान नव्हते असे कोण म्हणेल? याज्ञवल्क्याने वस्तू पारखून घेण्याच्या मुदती सांगितल्या, त्या वस्तूंच्या स्वभावानुसार: लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नाला सात, बियाण्याला दहा. दासदासींच्याही मुदती त्यात आहेत; त्या सांगून मी वाचकांची सकाळ बिघडवीत नाही. आणि इसाराच्या बाबतीत त्याने जो नियम घालून दिला तो तर माझ्या ओटीवर आजही चालतो: सत्यंकार म्हणून घेतलेले द्रव्य, शब्द फिरविल्यास, दुप्पट करून परत द्यावयास लावावे. पश्चिमेकडे रोमच्या जस्टिनियन बादशहाच्या कायद्यातही हेच आहे. घेणाऱ्याने शब्द मोडला तर इसार बुडाला, देणाऱ्याने मोडला तर दुप्पट. दोन टोकांना बसलेल्या स्मृतिकारांनी एकमेकांना पत्र न लिहिता ‘दुप्पट’ हाच आकडा काढावा, आणि दोघांपैकी कोणीही कारण विचारू नये, यात मला माझ्या सिद्धान्ताची पुष्टी दिसत असे.

आमच्या १८७२ च्या करार अधिनियमात ही दुपटीची शोभा नाही. तो नुकसान मागतो, आणि नुकसान तेही वाजवी. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली दिल्लीच्या एका मिळकतीच्या प्रकरणात, सव्वा लाखाच्या आतबाहेरच्या सौद्यात विकणाऱ्याने गिळून टाकू पाहिलेल्या पंचवीस हजारांपैकी इसार म्हणून ठरलेले हजार रुपयेच त्याच्या पदरात टाकले, कारण बाकीचे चोवीस हजार जप्त करावयास तितके नुकसान झाल्याचे त्याने दाखविले नव्हते. न्याय उत्तम; परंतु त्यात जरब नाही. जरब पाहावयाची असेल तर शिलाहारांकडे जावे. माहुललाच त्या वंशातील हरिपालदेवाच्या कारकिर्दीतला, शके १०७५ चा शिलालेख सापडलेला आहे, म्हणजे दगडावर कोरून ठेवावे इतक्या योग्यतेचे काही व्यवहार आमच्या गावात साडेआठशे वर्षांमागेही होत असत. आणि येथून फार लांब नसलेल्या परळचा, अपरादित्याच्या वेळचा ११८७ मधला लेख, दिलेले दान जो मोडील त्याच्या मातोश्रींचा एका गर्दभाशी असा काही संबंध जोडून देतो की, तो येथे उद्धृत करणे माझ्या वयाला शोभणार नाही. ज्याला अक्षर लागत नसे त्याची गैरसोय होऊ नये म्हणून अशा शिळांवर चित्रही काढीत. करार अधिनियमाच्या चौऱ्याहत्तराव्या कलमात गाढव नाही, हे त्या कलमाचे वैगुण्य होय.

पुराणांत शब्द मोडण्याची शिफारस करणारा पहिला विधिज्ञ म्हणजे शुक्राचार्य. बळीराजाने वामनाला तीन पावले भूमी देऊ केली आणि गुरूच्या लक्षात आले की गिऱ्हाईक दिसते तेवढे लहान नाही. तेव्हा त्यांनी यजमानाला, विवाहात, थट्टेत, उपजीविकेच्या प्रश्नात आणि जिवावरच्या प्रसंगी बोललेले असत्य निंद्य नव्हे, अशी अपवादांची जी यादी वाचून दाखविली ती आजच्या कोणत्याही वकिलाला भूषण ठरावी. बळीने ती ऐकली नाही. मग लोककथेप्रमाणे शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले आणि दर्भाच्या टोकाने एक डोळा गमावून बाहेर आले. ज्याने खरोखर शब्द फिरवावयाचा तो बळी ताठ मानेने पाताळात गेला आणि ज्याने सबब शोधली त्याचा डोळा गेला, हे मी माझ्या ओटीवर इतक्यांदा सांगितले आहे की आमची सून हल्ली ‘झारी’ हा शब्द कानावर पडताच चहाचे आधण ठेवते.

आता सबबीचा राजकीय अवतार पाहावयाचा तर ज्या भूभागावर मी हे लिहीत बसलो आहे त्याचाच सौदा पाहावा. साष्टीवर आणि तिच्या लगतच्या बेटांवर मुंबईकर इंग्रजांचा डोळा कैक वर्षे होता. १७७४ च्या अखेरीस त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, म्हणजे माल आधी उचलला. आणि पुढल्या मार्चात सुरतेस रघुनाथरावांशी तह करून मालकाची सही नंतर मिळविली. राघोबादादांना पेशवाई हवी होती, इंग्रजांना साष्टी आणि वसई. दादांनी सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवले, म्हणजे इसारही झाला. एवढे झाल्यावर कलकत्त्याहून कळले की, घरातून नाही म्हणतात. १७७३ च्या कायद्यान्वये वरिष्ठ झालेल्या कलकत्त्याच्या कौन्सिलाने, आम्हांला न विचारता केलेला हा सौदा आम्हांला मंजूर नाही असे कळवून कर्नल अप्टनला पुण्यास पाठविले आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरास निराळाच तह केला. मौज अशी की, याच सुमारास विलायतेहून कंपनीच्या संचालकांचा खलिता आला, त्यात सुरतेच्या सौद्याबद्दल संतोष व्यक्त केला होता. धाकट्या जावेने केलेला सौदा थोरलीने मोडला आणि सासूने पसंत केला, अशा या घरात पुढे लढाई झाली, १७७९ च्या जानेवारीत वडगावला पुन्हा लिहून दिले गेले, तेही पुढे नाकबूल करण्यात आले, कारण लिहून देणाऱ्याला तसा अधिकारच नव्हता म्हणे. आणि १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत कोणी किती शब्द फिरविले याची गणती ठेवणे पुण्याच्या फडणिसांनाही जड गेले असेल. या साऱ्या उलथापालथीत एक गोष्ट मात्र स्थिर राहिली. सुरतेचा तह मोडला तरी साष्टी इंग्रजांकडेच, पुरंदरचा झाला तरी त्यांच्याकडेच, वडगावला परत करण्याचे कबूल केले तरी त्यांच्याकडेच, आणि सालबाईला तर कायमचीच त्यांच्याकडे. सौदा मोडावा पण ताबा सोडू नये, ही व्यवहारनीती आम्ही गोऱ्या साहेबाकडून साक्षात अनुभवाने शिकलो आहोत.

याच्या उलट, ज्यांनी सौदा केलाच नव्हता आणि ताबा मात्र गळ्यात पडला, असेही लोक आमच्या माहुलला आहेत. शहरातील जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या हटवून हजारो कुटुंबांना कारखान्यांच्या शेजारच्या प्रकल्पग्रस्तांच्या इमारतींत आणून घातले. त्या वसाहतीच्या इंग्रजी नावाचा अर्थ सदा हसतमुख असा होतो, आणि तेथील हवा आरोग्यास घातक असल्याचे हरित न्यायाधिकरणाने २०१५ सालीच म्हटलेले होते. नको असलेल्या या घरातून बाहेर पडण्यासाठी त्या लोकांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना इतरत्र राहावयास दरमहा पंधरा हजार रुपये भाडे देण्याचा हुकूम केला. पुढे तीच रिकामी घरे महापालिकेने आपल्या कर्मचाऱ्यांना साडेबारा लाखांच्या आसपास विकत देऊ केली, तेव्हा घेणारे थोडे निघाले. त्यांनी सबब काय सांगितली ते मला कळले नाही. या एका बाबतीत ती सांगण्याचे कारण नव्हते.

असो. माझा सिद्धान्त ज्याने डळमळीत केला तो प्रसंग होडीचा आहे.

यांत्रिक होड्यांना १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेली होडी फार केविलवाणी दिसते. तिच्याकडे पाहता पाहता धन्याला इंजिनाची दुरुस्ती, डिझेलचा भाव, खाडीच्या पाण्यावरचा तवंग, कमी झालेले म्हावरे आणि समुद्रावर न जाता वातानुकूलित दुकानात उभा राहणारा आपला मुलगा, असे सगळे एकदम आठवते. अशाच एका आषाढी संध्याकाळी आमच्या कोळीवाड्यातील एका तांडेलाने आपली होडी तुर्भे कोळीवाड्याच्या एका नाखव्याला देऊ केली, पाच हजार एक रुपये इसार घेतला आणि पावतीचा कागद माझ्याकडून लिहवून नेला. ताबा नारळी पौर्णिमेनंतर द्यावयाचा होता.

येथे मुदत ठरविण्यात जी घोडचूक झाली ती उभय पक्षांची होती. श्रावण लागला, होडीवरचे झाप निघाले, तिला रंग चढला, वल्ह्यांना तेल लागले, आणि नारळी पौर्णिमेला हळदकुंकू लावून, पताका बांधून ती पाण्यात उतरली. त्या दिवशी होडी विकावयास तयार होईल असा कोळी पृथ्वीच्या पाठीवर नसावा. कौटिल्याने व्यापाऱ्याला, शेतकऱ्याला आणि गुराख्याला मुदती दिल्या, पण कोळ्याला त्याचे नाव घेऊन काही दिली नाही. दिली असती तर ती आषाढापासून नारळी पौर्णिमेपर्यंत आहे, हे त्याच्या ध्यानी आले असते.

दुसऱ्या दिवशी तांडेल ओटीवर आला, आणि पाटावर टेकायच्या आतच म्हणाला, “काका, मना होरी नाय इकायची.”

मी सवयीने विचारले, “का? घरातून काही…”

“घरातून काय नाय. इकायची होती, आता नाय इकायची. मन नाय होत.”

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. सबंध नोकरीत आणि त्यानंतरच्या या बिनपगारी सेवेत मला हवा असलेला मनुष्य तो हाच. ना आत्या, ना मुलगा, ना पत्रिका. मी त्याला याज्ञवल्क्य समजावून सांगितला. त्याने मान हलविली आणि दुप्पट द्यावयास तो एका शब्दात कबूल झाला. नीतिशास्त्राचे पाठ्यपुस्तक ज्यावरून लिहावे असा तो खटला होता, आणि उरलेले काम काय ते तुर्भ्याच्या नाखव्याला बोलावून आणण्याचे होते.

नाखवा आला तो खवळलेलाच. त्याने नव्या होडीसाठी रंगाचे डबे घेऊन ठेवले होते. नातीचे नाव होडीला द्यावयाचे ठरवून ते रंगवणाऱ्याकडून कागदावर काढूनही घेतले होते. मी त्याला शांत करण्यासाठी कायद्याचा हवाला दिला: जंगम वस्तूच्या बाबतीत पैसा हा पुरेसा मोबदला असे कायदा आजवर धरून चालत आला, जमिनीच्या बाबतीत तसे धरीत नाही, कारण जमिनीचा तुकडा दुसऱ्या तुकड्यासारखा नसतो, एखादी जंगम वस्तू बाजारात सहजी न मिळणारी किंवा विशेष मोलाची असेल तर गोष्ट निराळी, आणि १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमात २०१८ साली दुरुस्ती झाल्यापासून…

“काका, अनुतोष जाव दे खड्ड्यात,” नाखवा म्हणाला. “ह्यानं कारण तरी सांगायला होवं.”

“अहो, पण त्याने खरे ते सांगितले,” मी म्हटले.

“खरं सांगून माजा काय फायदा? उद्या पाड्यात लोकं इचारतील, नाखवा, होरी का नाय आली? तं मी काय सांगू? त्याचं मन नाय झालं? म्हंजे मी येडा, रंग घेऊन बसलेला? एकादी आवस आजारी हाय बोलला असता, मी पन बोललो असतो, जाव दे, बिचाऱ्याची आवस आजारी हाय.”

हा मुद्दा याज्ञवल्क्याच्या नजरेतून सुटला होता आणि माझ्याही. सबब ही सांगणाऱ्याच्या सोयीसाठी असते असे मी आजवर धरून चाललो होतो. ती ऐकणाऱ्याला घरी घेऊन जावयाची असते हे माझ्या लक्षातच आले नव्हते. इसाराची दुप्पट रक्कम खिशात घालून नाखवा तुर्भ्याला परतणार, पण पाड्यात चारचौघांपुढे ठेवावयास त्याच्यापाशी नोटांखेरीज काही नव्हते, आणि नोटा दाखवून कोणाची अब्रू झाकली जात नाही. इकडे तांडेल हट्टाला पेटला. आपली आई ठणठणीत आहे, आणि तिला कागदावर आजारी पाडावयास आपण तयार नाही, असे त्याने सांगितले. एका बाजूला सत्य, दुसऱ्या बाजूला शेजारधर्म, आणि मध्ये मी, ज्याला दोन्ही बाजूंचा चहा प्यावा लागत होता.

कोंडी फोडली ती तांडेलिणीने. इतका वेळ ती ओटीच्या पायरीवर मासळीची रिकामी पाटी घेऊन बसली होती. ती उठली आणि नाखव्याला म्हणाली, “मामा, माजं नाव सांगा. सांगा, त्याच्या बायकोनं होरीवर बसून भांडन केलं, होरी सोडली नाय. ह्या पाड्यात माजं नाव तसंही वायटच हाय, तुमच्या पाड्यात झालं तं काय बिघडतं?”

नाखव्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. तो म्हणाला, हां, असं आधी सांगायचं ना. आणि क्षणापूर्वी त्याच्यासमक्ष बनविलेली ती हकिकत त्याने अशा काही श्रद्धेने स्वीकारली की, थोड्या वेळाने तो तांडेलाला त्याच्या बायकोच्या तापट स्वभावाबद्दल सहानुभूतीचे दोन शब्द बोलू लागला. तांडेलानेही ते ऐकून घेतले. सत्याला धरून बसलेला तो मनुष्य आता स्वतःच त्या भांडणाचे तपशील पुरवू लागला आहे असे पाहून मी याज्ञवल्क्याचे पुस्तक मिटवून ठेवले.

पैशांचा प्रश्न उरला होता, आणि तो अपेक्षेपेक्षा कठीण निघाला. पाच हजार एकची दुप्पट दहा हजार दोन. परंतु त्यात मूळचा इसार धरावयाचा की दुप्पट वर आणि मूळ निराळा, असे नाखव्याने विचारले. जुन्या स्मृतिकारांनी हे स्पष्ट केले असते तर माझी दुपार वाचली असती. मी धरून द्यावा असा निकाल दिला. मग तांडेलीण म्हणाली की, वरचा एक रुपया शकुनाचा आहे आणि शकुन दुप्पट होत नाही. दोन केले तर रक्कम सम होऊन शकुनच नाहीसा होतो. यावर उभय पक्षांत प्रथमच संपूर्ण एकमत झाले आणि दहा हजार एक रुपयांवर सौदा मोडला. रंगाचे डबे तांडेलाने विकत घेतले. त्यांचा निळा रंग त्याच्या होडीला शोभणार नाही, असे नाखव्याने सांगून पाहिले. पण तांडेलाने तो शब्द मात्र फिरविला नाही.

तेव्हापासून मी लिहून देतो त्या प्रत्येक इसारपावतीत एक नवे कलम घालतो: ‘सदरहू सौदा उभयतांपैकी जो मोडील त्याने इसाराची दुप्पट रक्कम, मूळ धरून, शकुनाचा रुपया वगळून, परत करावी; आणि त्यासोबत, चारचौघांत सांगता येईल अशी एक सबब तीन दिवसांच्या आत पुरवावी.’ रकमेवर अजून घासाघीस होते, ताब्याच्या तारखेवर होते, जुन्या फ्रीजच्या दाराच्या रबरावरसुद्धा होते. या कलमावर आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.

मागल्या आठवड्यात शेजारच्या इमारतीतील एक बाई शिवणयंत्र विकण्याचा कागद लिहवून घ्यावयास आल्या. मजकूर त्यांनी लक्षपूर्वक वाचला, त्या कलमापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “काका, सबब आत्ताच लिहून ठेवली तर चालेल का? नंतर घाईत सुचत नाही.” चालेल, असे मी म्हटल्यावर त्यांनी ‘सासूबाईंची प्रकृती’ असे स्वच्छ अक्षरात लिहिले. सासूबाई बरोबर आल्या होत्या. साक्षीदार म्हणून त्यांनीच सही केली.